आईच्या जागची गाठ

हुलसूर, ता. ८ जुलै १९७४

तीर्थस्वरूप जानकीअक्कास,
नलिनीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

शाळा सुरू झाली. पहिलीत एकोणतीस पोरं आहेत, निम्मी कानडी बोलतात, आणि मी दोन्हीकडून ओरडायलेय. भावजींचा खोकला कसा आहे? विडी सोडली म्हणतात, ते मी न्हाई खरं मानत.

आता मूळ गोष्ट. माझ्या डाव्या छातीत, काखेकडे, सुपारीएवढी गाठ आहे. दुखत न्हाई, बोटाखाली सरकते. चैत्रापासून आहे. आईचीही डावीकडेच होती. तिनं दोन वर्षं पदराआड लपवली आणि गाठ फुटून जखम झाल्यावर दाखवली. पुढचं सगळं मी केलं, जखमेला बांधलेल्या चिंध्यांचा वास अजून नाकात आहे. अक्का, आईला मी होते. माझ्या चिंध्या कोण धुणार, हाच विचार येतो. भावजींना सांगू नकोस.

माया आहे ती तशीच राहू दे.
तुझी नली

गुलबर्गा, ता. १३ जुलै १९७४

चि. नलिनीस अनेक आशीर्वाद.

चैत्रापासून गप्प बसलीस? आईचं सगळं डोळ्यांनी बघून? पत्र वाचून मी तुला मोठ्यानं शिव्या दिल्या, मग रडले.

तुला एक सांगायचं राहिलंय. मलाही गाठ आली होती, पाच वर्षांमागं. घरात अफजलपूरला लग्न आहे म्हणून सांगितलं आणि सोलापूरला जाऊन काढून आले. यांना तेवढं ठाऊक होतं, पण रजा मिळाली न्हाई. गाठ साधी निघाली. तुला कळवलं न्हाई, कारण आईचं करता करता तुझं लग्नाचं वय गेलं. आता माझंही तुझ्यावर कामून घालू, असं वाटलं. खरं म्हणजे तुझ्या तोंडाकडं बघायचं धाडस न्हवतं.

इथं चांगल्या डॉक्टरीणबाई आहेत. रजा टाक, हुमनाबादला गाडी बदल, ये. मी स्टँडवर उभी असते.

आशीर्वाद आहेतच.
जानकी

गुलबर्गा, ता. १० ऑगस्ट १९७४

चि. नलिनीस आशीर्वाद.

टाके काढून तू गेलीस आणि तिसऱ्या दिवशी तपासणीचा कागद आला. गाठ साधी आहे. कॅन्सर न्हाई. पुन्हा लिहिते, कॅन्सर न्हाई.

बाई म्हणाल्या, अशा गाठी कितीतरी बायांना होतात. तुझं अंगच घट्ट, गाठाळ आहे, म्हणून पाळीआधी ठणकतं आणि हाताला लवकर कळत न्हाई. पण आईला होता, तेव्हा आपण दोघींनी सावध राहायचं. दर महिन्याला पाळी सरली की चाचपून बघायचं आणि वर्षातून एकदा त्यांना दाखवायचं.

जेवत जा.
जानकी

हुलसूर, ता. १६ ऑगस्ट १९७४

तीर्थस्वरूप अक्कास,
नलिनीचा नमस्कार.

तुझं पत्र शाळेतच मिळालं. पोरं पाढे म्हणायलेली, मी पाठमोरी होऊन वाचलं. सुटेपर्यंत दम काढला, भराभरा घरी आले, कुलूप काढलं आणि उंबऱ्यातच थांबले. आत सांगायला कुणी न्हाई. वाईटाच्या वेळी एकटीनं राहायची सवय होती गं, चांगल्याच्या वेळी कसं राहायचं ते मला ठाऊक न्हवतं.

शेवटी शेजारच्या निलम्माकडं गेले. मोडक्या कानडीत सगळं सांगितलं. तिनं माझा हात उचलून ब्लाऊजवरूनच आपल्या छातीवर ठेवला. तिथंही एक गाठ होती. वर्षाची. तिच्या नवऱ्यालाही ठाऊक न्हाई म्हणाली.

अक्का, सोलापूरचं लपवलंस म्हणून तुझा राग आला होता, तो आज लिहिते. तू सोलापुरात त्या खाटेवर एकटी पडली होतीस, तेव्हा तुझं पत्र येत न्हाई म्हणून मी इथं रुसून बसले होते. एवढी शिकलेली मी, आणि मला काही कळलं न्हाई.

सोमवारच्या गाडीनं निलम्माला घेऊन येतेय. डॉक्टरीणबाईंना सांगून ठेव. ती फार घाबरलीय, तेव्हा आत जाताना मी तिच्यासोबत असेन.

तुझ्या मायेची,
नलिनी