काश्मीरची वही

रविवार, संध्याकाळ. शिक्रापूर, खोलीवर.

आज सुट्टी होती, म्हणून शिरूरला सलीमकडं गेलो. दोन वर्षं दोघांनी मिळून काश्मीरचा बेत आखलेला. माझी बाईक, पेट्रोल निम्मं निम्मं. हॉटेल न्हाईच, पंपावर तंबू ठोकायचा आन् स्टोव्हवर खिचडी. सगळं माझ्या वहीत लिहिलेलं.

चहा पिता पिता तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात आम्ही निघतोय काश्मीरला. दाजींच्या गाडीनं."

आम्ही. आपण न्हाई, आम्ही. एवढ्या एका शब्दानं मला खाली उतरवलं.

"किती जण?" मी विचारलं.

"पाच. गाडी भरली रे. तुझी ती वही दे की. स्वस्तात कुठं राहायचं ते समदं हाय तिच्यात."

भांडायला पाहिजे होतं का? मी नुसतं "ने की" म्हणालो. वही पिशवीतच होती. नवा रस्ता शोधला होता, तो त्याला दाखवायलाच नेलेली.

परतताना एसटीत बसल्यावर आठवलं. त्या वहीत पानोपानी लिहिलंय, आपण इथं थांबू, आपण इथं जेवू.

खोडायचं राहिलं.