ओटीत गेलेलं पुस्तक

शनि. १७ जाने.
सगळ्यात आधी कोण आलं, तर शेजारची कमल. पाहुणीच्याबी आधी! नवी साडी नेसून. "काकू, लेखिका बघायला आले." म्हणलं, बस, तीबी भाकरीच खाती.

नात सायली मोबाईलवर पुस्तकांचा ब्लॉग लिहिती. त्यात लेखक पाहुणे बोलावती, अन् वाचणाऱ्यांच्या चिठ्ठ्या टाकून एकाला पुस्तक बक्षीस देती. आजवर पाहुणे मोबाईलमधूनच बोलायचे. कोल्हारला आमच्या ओट्यावर येऊन बसल्या त्या ह्या वैशालीताईच पहिल्या. एस्टीनं आल्या. हरभऱ्याची भाजी दोनदा घेतली. मग लोकांचे प्रश्न सायली वाचायची, ताई बोलायच्या, ती टाईप करायची. मला अर्धं कळलं, पण लई बरं वाटलं.

चिठ्ठी मी काढली, पुरणाच्या पातेल्यातून. नेवाशाची छाया. शिवणकाम करती. तिनं लिहिलं हुतं, आजवर वाचलं ते समदं वाचनालयाचं, परत द्यावं लागलं; घरात स्वतःचं एकबी पुस्तक न्हाई. कमलच्या डोळ्याला पाणी. ताईंनी छायाचं नाव घालून सही केली. त्यांचं पहिलं पुस्तक, दुकानात आता मिळत न्हाई. ही त्यांच्या घरातली शेवटची प्रत.

जाताना हळदीकुंकू लावून ओटी भरली. ताई म्हणल्या, "आजी, आई गेल्यापासून माझी ओटी कुणी भरली नाही." ओढणी कितीतरी वेळ तशीच धरून बसल्या.

रवि. १८
घात झाला.
"आजी, देवापाशी लाल कागदात ठेवलेलं पुस्तक कुठंय?"
"ते व्हय? ते ओटीत घातलं की. खण-नारळाबरोबर."
मला वाटलं संक्रांतीचं वाण. कागदात बांधून देवापाशी ठेवलंय म्हंजे पाहुणीलाच द्यायचं. जिचं पुस्तक तिलाच दिलं मी! कमलला हसून हसून ठसका. "काकू, उद्या कुंभाराला मडकं द्या."

सायली म्हणली, फोन करून मागते. मी हात धरला. ओटीतलं परत मागत न्हाईत. त्यातून त्या बाईची, इतक्या वर्षांनी भरलेली.
"मग छायाला काय सांगू? नाव ब्लॉगवर टाकलंय!"


सोम. १९
छायाचा मेसेज. पुस्तकासाठी मशीनच्या वर फळी ठोकून घेतली म्हणे. फोटो पाठवला. रिकामी फळी.

मंगळ. २०
मीच सायलीला ताईंना फोन लावून द्यायला सांगितलं. चूक माझी, तर तोंडबी माझंच. मागितलं न्हाई. नुसतं सांगितलं काय झालं, फळीचंबी सांगितलं. तिकडनं हसू ऐकू आलं. ताईंनी ओटी आईच्या फोटोपुढं ठेवलीय, कागद अजून सोडलाच न्हाई.

म्हणल्या, "आजी, ओटीत आलेल्या खणाचं आपण बायका काय करतो?"
म्हणलं, "दुसरीच्या ओटीत घालतो. माझा एक हिरवा खण गावभर फिरून दोनदा घरी आलाय."
"मग पुस्तकाचंही तसंच. परत नाही देणार हं मी. छायाची ओटी भरीन त्यानं. पण तुमच्याच घरी, तुमच्या हातचं कुंकू लावून."

सायलीनं मला उचलायचंच बाकी ठेवलं. हिरवा खण आता कुणाकडं हाय, आठवंना. जाऊ दे.

गुरु. २२
छायाशी सायली बोलली. ती आधी म्हणली, टपालानं पाठवलं असतं तरी चाललं असतं, कशाला त्रास. मग हळूच विचारलं, "आजींना कोणतं फूल आवडतं?" मला कधी कुणी विचारलं न्हाई असं. शेवंती सांगितली.

मी तिसरी शिकलेली बाई. ह्या नातीपायी माझ्या ओट्यावर कोण कोण बसायला लागलं. देवाला आज दोनदा हात जोडले. कमलनं तर साडीपण काढून ठेवली, पाहुण्या तिच्याच असल्यागत!

नारळ आणला. देवापाशी ह्या खेपेला काही ठेवायचं न्हाई, सायलीनं बजावलंय. दोघी रथसप्तमीला नक्की येतो म्हणल्या, दुपारच्या एस्टीनं. रविवार, ता. २५.