पिळाचं धनुष्य आणि एझ्रामामांची जागा

आदरणीय एझ्रामामा,

तुमची ख्यालीखुशाली विचारायच्या आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते, नाहीतर पुढचं लिहिताना हात अडखळेल. कोठारामागे तुम्ही टाकून गेलात त्या धनुष्यासाठीच्या बोडार्क लाकडाच्या फाकेला पाव वळशाचा पीळ आहे, असं मी कळवलं होतं. तो पाव नाही. टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ अर्धा वळसा आहे; मी एकाच बाजूनं पाहिलं होतं. (आई म्हणते, कॅलिफोर्नियात बसलेल्या माणसाला पाव काय आणि अर्धा काय. पण शाळेत जायच्या आधी मला अक्षरं आणि झाडाची वर्षं मोजायला तुम्हीच शिकवलंत, आणि मोजल्याशिवाय बोलू नये हेही तेव्हाच.) आता विचारते: खांदा कसा आहे? व्यायाम करता, की तुमची लेक डेलाताई बघत असेल तेवढ्यापुरते करता? इकडे आई बरी आहे, कुत्री बरी आहेत, मीही बरी आहे, म्हणजे बोटं सोडून.

मूळ गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. तुमचा खांदा गेल्यापासून आपल्या धनुर्धाऱ्यांच्या चमूतली तुमची जागा रिकामी आहे. चमूचे प्रमुख सायलस आजोबांनी या वसंतात स्पष्ट सांगितलं, की मक्याच्या ताटांच्या ढिगावर बाण मारायच्या यंदाच्या नेमबाजीआधी घरच्या कुणी घरच्या लाकडाचं, स्वतःच्या हातानं केलेलं धनुष्य दाखवलं तर जागा घराकडे राहील. नाहीतर क्लेम किंगफिशरला जाईल. क्लेम चांगला माणूस आहे. (हे मी आईसमोर म्हणत नाही.) घरचं लाकूड म्हणून जे उरलं होतं, ते हेच. सायलस आजोबांनी ते उचलून एका डोळ्यानं पाहिलं आणि म्हणाले, "याचा कुंपणाला खांब कर. गाईगुरं दोन्हीकडून खाजवून घेतील."

मी साल काढली, वरचं पांढरं लाकूड काढलं, आणि पिवळ्या लाकडाचं एकच वर्ष, म्हणजे वाढीचं एकच कडं, धरून दोन मुठींच्या सुरीनं धनुष्याची पाठ सोलायला बसले. सरळ लाकडात हे काम एका दुपारचं असतं. इथे ते एक वर्ष खोडाभोवती असं फिरत गेलं होतं की दांडा मांडीवर, मग बगलेत, मग पायांत धरून मीच त्याच्याभोवती फिरत होते. एका गाठीपाशी सुरी खालच्या वर्षात उतरली असं वाटून मी काम थांबवलं आणि जेवलेही नाही. सकाळी उजेडात पाहिलं तर तो माझाच चिकटलेला केस होता.

मग पीळ काढायचं ठरवलं. लाकडाला डुकराची चरबी चोळून विस्तवावर धरायचं आणि मऊ झालं की उलटं पिळायचं, हे तुमच्याकडूनच पाहिलेलं. पाऊस होता, म्हणून मी ते स्वयंपाकघरातल्या शेगडीवर केलं. तो वास रस्त्यापर्यंत गेला. आधी कुत्री आली, मग सायलस आजोबा आले, आणि बसून त्यांनी आईला विचारलं, अंडी कुठायत. मी दांड्याचं एक टोक आईच्या मेजाला आवळून दुसऱ्याला मोठा पाना लावून त्यावर लोंबकळत होते. पीळ निघाला! तीरासारखा सरळ दांडा. आजोबांनी कौतुक केलं, न्याहारी केली. (अंडी खरोखर करावी लागली.) मी अतिशय आनंदात आवळलेला पेच सैल केला, आणि दांडा मेजाभोवती फिरून आईच्या कनुचीच्या भांड्यावर बसला. अक्रोडांचं ते सगळं सार जमिनीवर. आईनं पाना उचलून दाराबाहेर ठेवला, आणि नंतर माझी खुर्चीही.

तरी मी पुन्हा केलं, बाहेर. पुन्हा सरळ झालं, आणि दमट हवेची एक रात्र गेल्यावर पीळ होता तिथे परत. तिसऱ्यांदा मात्र मी चरबी तापवायच्या आधी दोन टोकांना एक साधा दोरा ताणून बांधला, नुसती चूक कुठे आहे ते बघायला. दोरा मुठीच्या मधून जायला हवा. तो बोटभर डावीकडून जात होता. दोन्ही टोकं कुठल्याही बाजूला तोंड करोत, दोरा मधून गेला म्हणजे झालं ना? पीळ माझ्या डोळ्यांना खुपत होता, धनुष्याला नाही. मग मी पीळ राहू दिला. मुठीच्या वर फक्त एक वीतभर जागा तापवली, दांडा जरासा बाजूला वाकवला, आणि दोरा मुठीच्या मधोमध आला तो आजपर्यंत तिथेच आहे.

पुढचं आतल्या बाजूचं, पोटाचं खरवडणं तुम्हाला सांगायला नको. धनुष्याचा खालचा हात ताठ, वरचा लवचीक. मग वरचा रुसलेला, खालचा भोळा. प्रत्येक वेळी थोडं खरवडून भिंतीच्या खुंटीवर ओढायचं, दूर जाऊन बघायचं, आणि आपण जास्त तर काढलं नाही ना या भीतीनं परत यायचं. आई म्हणाली, "तू याला धनुष्य करतेयस की याची माफी मागतेयस?" पण गेल्या रविवारी ते पूर्ण ओढलं गेलं आणि कुठेही चरचरलं नाही.

मंगळवारी सायलस आजोबांच्या शेतात माझ्या चाचणीसाठी ताटांचा ढीग रचला होता. क्लेम होता. त्यानं धनुष्य हातात फिरवून विचारलं, हे कोपऱ्यामागचं लक्ष्य मारतं का. मी बाण सोडला. तो कुठे गेला ते मला दिसलंच नाही, कारण डोळे मिटलेले होते. पण ताटं खसकन वाजलेली ऐकली. आजोबा चालत गेले, बाणानं भेदलेली ताटं मोजली, आणि मग वाकून परत मोजली. ते परत मोजतात तेव्हा काय अर्थ असतो, तुम्हाला माहीत आहे. क्लेमनं टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मी पुढच्या वर्षीपर्यंत मासे पकडेन." आजोबा बाणासकट परत आले. "एझ्रानं हे लाकूड टाकलं होतं?" मी काय सांगू मामा? मी म्हटलं, टाकलं नव्हतं, कोठारामागे ठेवलं होतं. दोन्ही खरं आहे, असं मला वाटतं. नसेल तर कळवा.

तर जागा घराकडे राहिली. तुमचा खांदा बरा होईपर्यंत मी ती नुसती राखते आहे, हे आवर्जून लिहिते.

तुमची भाची,
लिओटा

ता. क. तुमचा डाव्या मनगटाचा चामड्याचा पट्टा आईनं दिला नाही, मालकाला विचार म्हणाली. दोरी लागून माझं मनगट जांभळं झालं आहे. वापरू का?

आणखी ता. क. वरचं "नुसती राखते आहे" खोडून वाचा. ते मी सभ्यपणासाठी लिहिलं, आणि तेव्हापासून झोप नाही. दर वर्षी तुम्ही पुढच्या वर्षी येतो म्हणता आणि डेलाताई फोनवर मागे गप्प असते. मला ती जागा राखायची नाही, मला ती हवी आहे. तुम्ही या, माझ्या मागे उभे राहा, मला हवं तेवढं हसा. पण ओढणारी मी असेन. नको म्हणायचं असेल तर मलाच म्हणा, आईला नको.

शेवटचं. नेमबाजीच्या सकाळी सायलस आजोबा चमूची नावं पुकारतात, आणि तुमच्या नावाला दर वर्षी आमच्यातलं कुणीतरी "यायचे आहेत" म्हणतं. या वेळी तिथे माझं नाव पुकारा, असं मी त्यांना सांगणार आहे, आणि ओ देणार आहे: शनिवारी, दहा ऑक्टोबरला.