कॅसेटवर नाव नसलेली

३ फेब्रु.
सासूबाईंची हवेची गादी शोधायला माळ्यावर चढले. पेटीत कॅसेट सापडली, आमच्या बँडची. ‘घण’. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी चौघांनी काढलेली. हेवी मेटल, तेही मराठीत! कोणी घेतली नाही. कव्हरवर तिघा पोरांची नावं. गाणारी मी, माझंच नाही. बाबा म्हणाले होते, “नाव छापलं तर लगन कोण करन तुह्याशी?” मीच खोडून टाकलं.

५ फेब्रु.
शेजारच्या काकूंचा टेप आणला. कुकरच्या शिट्ट्यांत लावला. पहिल्याच गाण्यात पोटातून किंचाळते मी. ही कोण बाई? आवाज ओळखलाच नाही. सासूबाई पडून आहेत त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून या घरात मी मोठ्यानं बोललेही नसेन.
दुसरं गाणं अर्धंच. आईंची हाक. डायपर.

८ फेब्रु.
बबनचा नंबर मिळाला, आमचा गिटारवाला. धरमपेठेत चष्म्याचं दुकान आहे त्याचं. तीस वर्षांनी पहिलं वाक्य, “कुठी मेली होती वं तू?” तो आणि ड्रमवाला सलीम अजून रविवारी वाजवतात. “सोळाले ये. चार वाजता. ऐकाले कोणी नाही, आपणच.”
हो म्हटलं. 

९ फेब्रु.
जेवताना ह्यांना सांगितलं.
“ह्या वयात?” मग, “आईले कोण पाहीन?”
म्हटलं, तुम्ही. रविवारी घरीच असता.
“मले डायपर जमत नाही.”
हे भांडले असते तर मीही भांडले असते. भाजी वाढ म्हणाले. वाढली.

१२ फेब्रु.
काटोलला नणंदेला फोन. “रविवारी चार तास येशील का?” “वैनी, संत्र्याचा तोडा सुरू आहे, कशी येऊ?” खरंच आहे तिचं. सकाळी दोन तास येणाऱ्या आयाबाईची रविवारी सुट्टी.
आमच्या बेसापासून धरमपेठ, किती लांब असतं?

१४ फेब्रु.
बाथरूममध्ये नळ सोडून आवाज लावून पाहिला. आधी नुसता खोकला. मग काहीतरी निघालं, फाटकं.
बाहेर आले तर आई, “कोण रडून राहिलं वं?”
“मी गाऊन राहिली होती, आई.”
“असं? मले वाटलं कोणी मेलं.”
खूप दिवसांनी हसले. त्याही.

१६ फेब्रु., रविवार
डायपर बदलून, आईंना भरवून झालं. ह्यांना काल सगळं दाखवलं, चिकटपट्टी कशी लावायची ते. आता पेपर घेऊन आईंजवळ खुर्ची ओढून बसलेत.
“निघते.” पेपरचं पान उलटलं.
जिन्यापर्यंत आले आणि आईंनी हाक मारली, “वर्षा!” हे आतूनच, “तुलेच बोलावून राहिली.”
पायरीवर बसून लिहितेय. साडेतीन वाजून गेले. बबनचा मेसेज आला, माइक लावला.
दुसरी हाक.
ह्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज अजून नाही आला. आला तर