बाबांच्या शर्टाचा खांदा

दादा,

बाबांच्या कपाटात तुझ्या कारखान्यातले सात पांढरे शर्ट होते. आता सहा आहेत. सातव्याच्या खांद्याचा तुकडा कापून मी प्रयोगशाळेत नेला. आईला वाटतंय तो धुताना फाटला, तिला तसंच वाटू दे.

डबा ओट्यावर ठेवलाय. आज दवाखान्यात तू बस, मी येणार नाही. बाबांच्या खांद्यावरची कर्करोगाची गाठ काल काढली. पट्टी बदलताना ते नर्सला तुझंच कौतुक सांगतील, "पोराने शिवलेला शर्ट घालून बारा उन्हाळे रस्त्यांची मोजणी केली हो!" मान खाली न घालता ऐक.

लेबलवर तू 'ऊन-संरक्षक ५०' छापलंस. म्हणजे अतिनील किरणांच्या पन्नास भागांतला एकच अंगापर्यंत पोचणार. चाचणी कुठे केलीस, असं मी विचारलं तेव्हा हसलास, "शहाणे, आकडा छापायला शाई लागते, प्रयोगशाळा नाही."

मी तेच कापड तीनदा तपासलं: कोरडं, घामाने भिजतं तसं ओलं, आणि ओलं असताना ताणून.

कोरडं ९. ओलं ५. ओलं आणि ताणलेलं ३.