राउटरशेजारचा डबा

प्रिय दादूस,

काल दसरा झाला. आज रोह्याला परतले आणि हातपाय धुऊन आधी तुलाच लिहायला बसले. कारण काल घरी, गडबला, तुझ्यावरून काकांशी भांडले. चांगली कडाकडा!

राउटरशेजारचा तुझा डबा, घरातल्या सगळ्या मोबाइलवरच्या जाहिराती दारातूनच परतवणारा, तो आयेनं पूजेला मांडला. कोयता, पहार, डोलवीच्या कारखान्यातले तुझे नटबोल्टाचे पाने आणि मधोमध डबा! "माझ्या पोराचं हत्यारच हाय ना ते," म्हणाली. हत्यारांना दसऱ्याला सुट्टी, म्हणून वायर काढली. झेंडू वाहिला आणि नेट गेलं, कारण सगळं नेट त्या डब्याला विचारूनच चालतं.

शेजारून काका आले तणतणत, त्यांचंही नेट आपल्याच राउटरवर ना! त्यांनी राउटरच्या सेटिंगमधून डबाच वगळला आणि नेट परत आणलं. "तो नाय आता, मग ह्यो डबा कशाला?" मी तोंड उघडणार, तोवर आयेनं मोबाइलवर पंचांग उघडलं. वर भलीमोठी जाहिरात: 'लिव्हर खराब? अजून वेळ गेलेली नाही!'

आयेनं ती पुन्हा वाचली. मग मला विचारलं, "गो, खरंच वेळ होती का?"

तू तुझ्या आजाराबद्दल शोधायचास आणि त्याच्याच जाहिराती तिच्या मोबाइलवर उगवायच्या, म्हणून बसवलास ना हा डबा? जाहिराती अडवल्यास, ठीक. पण अख्खा आजारच आयेपासून अडवलास! मलाही शपथ घातलीस. असं करतं का रे कोणी? अजून राग येतो तुझा.

मी सांगून टाकलं, "नव्हती गो आये. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं." खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "लाव तो डबा."

काका म्हणाले, "त्याच्यानं माझं रेल्वेचं तिकीट निघत नाय!" म्हटलं, थांबा. पासवर्ड तू मला देऊन ठेवलेलासच. तिकिटाच्या साइटला परवानगी दिली आणि ती लिव्हरवाली माझ्या हातानं अडवली. बोला, आता काय म्हणणं?

पुढच्या दसऱ्याला डबा जागेवरच पुजायचा, दिवा लुकलुकत असताना. कोणी हात तर लावून बघू दे! आयेला खोटं सांगायला आता ह्या घरात कोणी शिरणार नाय, दादूस. जाहिरात नाय, आणि आपण दोघंही नाय.

तुझीच भांडखोर,
पमी