ओळख असताना फॉर्म कशाला

२७ एप्रिल, रविवार
झालो एकदाचे विरारकर. मनवेलपाडा, चौथा मजला, स्वतःचा फ्लॅट. भांडुपहून आणलेलं कपाट तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं, म्हणून अर्धी बिल्डिंग ओळखीची झाली. शुभशकुन.

आर्याच्या सहावीच्या प्रवेशाचं काम मी माझ्याकडे घेतलं आहे. रीमा म्हणत होती मी बघते. तिला म्हटलं, तू तुझी लॅबची ड्यूटी सांभाळ. मी इतकी वर्षं पर्चेस डिपार्टमेंटमध्ये काढली आहेत. खिडकीवर जो उभा राहतो त्याचं काम होत नाही. काम होतं ते ओळखीने. हे मला कुणी शिकवायला नको.

३० एप्रिल
आगाशीच्या बसमधून चर्चची शाळा पाहिली. काय मैदान! काय झाडं! ठरलं, हीच. शेजारी गॉडफ्रे नावाचे गृहस्थ बसले होते. केळीची वाडी आहे, चर्चच्या गायन मंडळात गातात. म्हटलं, शाळा बघणारे फादर कसे आहेत? म्हणाले, "फादर? आपलेच हायत."

आपलेच! लोक वर्षानुवर्षं खेटे घालतात आणि मला बसच्या सीटवर थेट टॉपची ओळख मिळाली. नंबर घेतला. रीमाला सांगितलं, प्रवेश झाला असं समज. ती म्हणाली, समजू की झाला? प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय.

२ मे
भांडुपच्या शाळेतून आर्याचा दाखला काढला. हेडबाई म्हणाल्या, तिकडे प्रवेश पक्का होऊ द्या, तोवर नाव राहू दे इथे. मी नुसता हसलो. त्यांना काय माहीत आपली पोच.

आर्या गेटपाशी मैत्रिणींशी अर्धा तास बोलत बसली. मग बसमध्ये रडली. मैदानाचा फोटो दाखवला.

११ मे, रविवार
नुसती ओळख पुरत नाही, ती ताजी ठेवावी लागते. सकाळी चर्चमध्ये गेलो. मागच्या बाकावर बसलो. लोक उठले की उठायचं, बसले की बसायचं. दोनदा चुकलो. शेवटी सगळे लाईन लावून पुढे जाऊ लागले. बघतो तर फादर स्वतः एकेकाला भेटतायत! लगेच लागलो. नंबर जवळ आला तेवढ्यात गायन मंडळातून गॉडफ्रे धावत आले, दंडाला धरून बाजूला घेतलं. "अवो, ही लाईन तुमची नाय. हा प्रसाद, ख्रिस्ताचा."

चूक झाली, पण फादरांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा लक्षात राहिला असणार.

१५ मे
गॉडफ्रेंना फोन. म्हणाले, शाळेचे फॉर्म निघालेत, "पयले खिडकीवर जाऊन फॉर्म भरा." मोठ्या ओळखीची माणसं फोनवर असंच बोलतात. सगळं उघड थोडंच सांगणार?

रीमाला मात्र तेवढंच ऐकू आलं. उद्या ड्यूटी संपली की जाते म्हणाली. तिला थांबवलं. म्हटलं, आपण फॉर्म भरला तर त्याचा अर्थ आपला फादरांवर भरवसा नाही असा होतो. गॉडफ्रेंना कुठल्या तोंडाने भेटायचं मग?

आर्याने विचारलं, फॉर्मच नाही भरला तर त्यांना माझं नाव कसं कळणार? लहान आहे. सिस्टिम कळत नाही.

१९ मे
गॉडफ्रेंच्या घरी आंब्याची पेटी नेली. घेईनात. शेवटी त्यांच्या बायकोने घेतली आणि वर मला केळीचा अख्खा घड दिला. देवाणघेवाण झाली म्हणजे नातं पक्कं.

निघताना ते पुन्हा म्हणाले, फॉर्म भरला का? केवढा हा विनय.

२२ मे
घड एकदम पिकला. रात्री केळ्याचं शिकरण. सकाळी केळ्याचं शिकरण. रीमा म्हणाली, प्रवेश मिळाला नाही तरी पोटॅशियम मिळालं.

३१ मे
फॉर्मची शेवटची तारीख आज होती म्हणे. रीमाने आठवडाभर रोज आठवण करून दिली आणि मी रोज शांत राहिलो. संयम हा मोठा गुण आहे. ती कालपासून माझ्याशी बोलत नाही. निरोप आर्याकडून येतात.

८ जून, रविवार
फसवणूक.

चर्चमध्ये फादरांचा निरोप समारंभ. बदली! डहाणूकडे कुठेतरी. गॉडफ्रे निरोपाचं गाणं गात होते, डोळ्यांत पाणी. माझ्याही आलं, कारण वेगळं. बाहेर त्यांना गाठलं. आधी का नाही सांगितलं? ते चकित. "फादरांची बदली होतेच की थोड्या वर्षांनी. याच दिवसांत होते. सगल्यांना ठाव असते."

सगळ्यांना माहीत होतं! मग मला एकट्याला कुणी का सांगू नये? मी म्हटलं, तुम्ही तर म्हणाला होतात फादर आपलेच. म्हणाले, "मंग? फादर सगल्यांचेच आपले असतात."

यांना जबाबदारीने बोलता येत नाही.

११ जून
ऑफिसला दांडी मारून नव्या फादरांना भेटलो. तरुण आहेत. पाणी दिलं, नीट ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हणाले, मी प्रवेशात पडत नाही, ऑफिसच्या खिडकीवर विचारा. म्हणजे शेवटी खिडकीच.

खिडकीत प्रिस्का मॅडम. फॉर्म नंबर मागितला. म्हटलं, नंबर नाही, मी गॉडफ्रेंकडून आलोय. म्हणाल्या, "गॉडफ्रेंच्या नातवाचा पन पयलीला नाय लागला नंबर. सहावीचा वर्ग पन भरला." मग जरा हळू आवाजात, "मे महिन्यात का नाय आलात? सहावीला तवा जागा होत्या. लाईन पन नव्हती."

लाईनही नव्हती. हे रीमाला सांगणार नाही.

१३ जून
भांडुपच्या शाळेत फोन केला. ट्रायल म्हणून. हेडबाई म्हणाल्या, आर्याच्या जागी दुसरी मुलगी घेतली हो, आता वर्गात जागा नाही. आवाजात कीव होती. कीव सहन होत नाही मला.

१६ जून, सोमवार
शाळा सुरू. बिल्डिंगखाली बसची ही गर्दी. आर्या सकाळी अंघोळ करून, जुन्या शाळेचा युनिफॉर्म घालून, दोन वेण्या घालून टीव्हीसमोर बसली. टीव्ही बंद. म्हटलं, हे कशाला? म्हणाली, सवय मोडायला नको.

ऑफिसमध्ये जेवण गेलं नाही. केळ्यांमुळे असेल.

१८ जून
निश्चय. प्रवेश होईपर्यंत मीच शिकवणार. संध्याकाळी आल्यावर गणित आणि विज्ञान, सुट्टीच्या दिवशी भाषा. वेळापत्रक करून भिंतीवर लावलं. असा एकास एक शिक्षक कुठल्या शाळेत मिळतो? उलट फायदाच झाला.

१९ जून
अपूर्णांक घेतला. आजच्या पुस्तकांत काहीच्या काही पद्धती दिल्यात. आर्याने मला समजावलं. समजावता समजावता माझा डोळा लागला.

२७ जून
रीमा बोलली. फुलपाड्याकडे जिल्हा परिषदेची शाळा आहे, सातवीपर्यंत, तिथे कधीही घेतात. मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का? एवढं कर्ज काढून फ्लॅट घेतला तो मुलीला झेडपीत घालायला? आमच्या अकाउंट्समधल्या सावंतांचे साडू शिक्षण खात्यात आहेत. त्यांनी शब्द दिलाय. थोडा धीर धर.

ती शांतपणे म्हणाली, पुढच्या शनिवारपर्यंत धरते. मग तुझ्या ओळखी तुझ्यापाशी, मी तिला हाताला धरून नेणार.

ती ओरडत नाही तेव्हा मला भीती वाटते.

३ जुलै
सावंतांचे साडू मार्चमध्ये रिटायर झाले.

५ जुलै, शनिवार
दुपारी बेल वाजली. दारात एक बाई, ओली छत्री, हातात कागद. फुलपाड्याच्याच शाळेतल्या शिक्षिका. शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे चालू आहे म्हणाल्या, घरात शाळेत न जाणारं मूल आहे का?

मी त्यांना नीट समजावलं. मॅडम, तुम्ही चुकीच्या जागी आलात, इथे सगळे फ्लॅटवाले. वीटभट्ट्यांवर जा, बांधकामांवर जा, अशी मुलं तिकडे असतात. त्या म्हणाल्या, जाते हो तिथेही, पण प्रत्येक दारात विचारावंच लागतं. दमल्या होत्या. पाणी मागितलं.

पाणी आर्याने आणलं. ग्लास देऊन ती तिथेच उभी राहिली. म्हणाली, मी आहे.

बाईंना कळेना. काय आहेस, बाळा?

शाळेत न जाणारी.

बाई खुर्चीत बसल्या, पेन काढलं. कारण लिहावं लागतं म्हणाल्या. आई-बाबांचं काम फिरतीचं आहे? नाही. लहान भावंडांना सांभाळावं लागतं? नाही. आजारी होतीस? नाही. मग काय झालं?

आर्या म्हणाली, "आमच्या बाबांची ओळख आहे."

रीमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आर्या टोमणा मारत नव्हती, विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं तिने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कारणापुढे लिहिलं, स्थलांतर.

मग म्हणाल्या, सोमवारी सकाळी पाठवा, दाखला सवडीने आणा. मी विचारलं, सोमवारी आल्यावर कुणाला भेटायचं?

म्हणाल्या, कुणालाच नाही. तिला वर्गात बसवायचं आणि तुम्ही घरी जायचं.